वजडीच्या डब्यातला कोळी

शनिवारी सकाळी मर्व्ह टकवेलने शेडमधला बिअरचा फ्रिज उघडला आणि दार तसंच धरून तो उभा राहिला. बिअर जागच्या जागी होती. पण खालच्या कप्प्यात कोपऱ्यात सरकवून ठेवलेला आइस्क्रीमचा दोन लिटरचा डबा नव्हता. तिथे आता स्पंज केकचे तीन ट्रे एकावर एक रचलेले होते आणि वर त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या, ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती : ‘महिला मंडळाचे. हात लावू नये.’

आमच्या टॅलो क्रीकमध्ये आइस्क्रीमचा रिकामा डबा कोणी टाकून देत नाही. त्यात सूप राहतं, खिळे राहतात, कोंबड्यांचं खाणं राहतं. मागे एकाने आपली कवळीसुद्धा त्यात ठेवली होती. त्यामुळे नुसता डबा बघून आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. वरच्या चिकटपट्टीवर जे लिहिलं असेल त्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच. मर्व्हने या विश्वासाचाच फायदा घेतला होता. त्याने पट्टीवर लिहिलं होतं ‘वजडी’. टकवेलांच्या घरात गाईची वजडी कोणी तोंडात घालत नसे. म्हणजे डब्याला कोणी हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

आत ओल्या शेवाळावर एक कोळी होता. जिवंत.

हा कोळी साधासुधा नव्हता. दिसायला जाळं न विणता पळून शिकार करणाऱ्या लांडगा कोळ्यासारखा, पण लांडगा कोळी नव्हे. डोळ्यांची मांडणी निराळी, पायांची टोकं निराळी, राहायला आमच्या डोंगरातल्या ओल्या रानात, पडलेल्या ओंडक्यांखाली. या मंडळींच्या वंशाला किल्याना म्हणतात. आतापर्यंत सापडलेल्या त्यांच्या सगळ्या जातींची नावं मर्व्हला पाठ होती. काही जागांच्या नावांवरून ठेवलेली, काही माणसांच्या. अकरा वर्षं तो राजधानीतल्या म्युझियमला कोळी पाठवत होता. त्यासाठी पायमोज्यांत जळवा घेऊन घरी येत होता. पण ती माणसांची नावं प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाची तरी निघत.

सहा वर्षांपूर्वी त्याने घळीतून एक मादी पाठवली होती. म्युझियमच्या डॉ. हेलन स्टॅथिसने ती बघून सांगितलं होतं, “मर्व्ह, ही नवी दिसतेय. पण नर मिळाल्याशिवाय मला काही छापता येणार नाही.” तेव्हापासून त्या मादीच्या बाटलीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. आणि या मंगळवारी, सरपणाच्या ढिगाखाली, मर्व्हला नर सापडला. तोंडापुढच्या दोन आखूड अवयवांची टोकं बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखी फुगलेली. पूर्ण वाढलेला नर. फोनवर हेलनचा आवाज चढला होता. “थंडीत ठेवा, पण गोठवू नका. मी शनिवारी तीनला येते. नवा निघाला ना, तर नाव तुमचं!”

मर्व्हने फोन ठेवला. त्याने पस्तीस वर्षं लाकडाच्या मिलमध्ये काढली. मिल बंद पडली, पाटीही उतरवली. मूलबाळ नव्हतं. टकवेल हे नाव गावात आता फक्त त्याच्या टपालपेटीवर उरलं होतं, आणि तिथलाही ‘ट’ पुसट झाला होता. ते एखाद्या कोळ्याच्या पाठीवर बसून जगभरच्या पुस्तकांत जाणार, या कल्पनेने त्याला भारीच वाटलं होतं. हे सगळं नोरीनला सांगावं असं त्याला फार वाटलं, पण सांगता येईना. पाच वर्षांपूर्वी कस्टर्डच्या वाडग्याशेजारी सहा जळवांची बरणी सापडली, तेव्हा नोरीन शांतपणे म्हणाली होती, “पुन्हा खाण्याच्या फ्रिजमध्ये तुझं काहीही वळवळताना दिसलं, तर तू शेडमध्ये राहायला जायचंस. उशी घेऊन.”

म्हणून वजडी.

मर्व्ह स्वयंपाकघरात आला. नोरीन भोपळ्याच्या स्कोन्सचं, म्हणजे चहाबरोबरच्या मऊ छोट्या पावांचं, पीठ मळत होती. गावाच्या कृषी प्रदर्शनात स्कोन्सची परीक्षक म्हणून तिचं हे एकोणिसावं वर्ष. प्रदर्शन पुढच्याच आठवड्यात होतं.

“नोरीन,” मर्व्ह छताकडे बघत म्हणाला, “फ्रिजमध्ये वजडी होती ना एक?”

“होती.”

“कुठाय?”

“लेस हॉबडेला दिली. गुरुवारी. केकला जागा हवी होती.” नोरीनने पिठावर थाप मारली. “डॉट असताना दर रविवारी करायची त्याला, पांढऱ्या रश्श्यात, कांदा घालून. म्हटलं, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. का रे? तुला कशाला हवी होती वजडी?”

इथे मर्व्हने खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उशी घेऊन शेडकडे निघालेला मर्व्ह त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

“खायला,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“मला. आवडते मला.”

नोरीनचे हात थांबले. “तुला वजडी आवडते?”

“पहिल्यापासून.”

“मर्व्ह, आपल्या लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली.”

“सांगितलं होतं मी तुला. मागेच. विसरलीस तू.” एवढं बोलून मर्व्ह टोपी घालून बाहेर सटकला. मागून नोरीनचा आवाज आला, “मग आज खाटकाकडून आणते!” तो त्याने ऐकलाच नाही असं दाखवलं.

लेस हॉबडे शेजारच्या टेकाडावर राहायचा. वय चौऱ्याऐंशी. बायको, डॉट, पाच वर्षांपूर्वी गेलेली. मिलमध्ये तो मर्व्हचा मुकादम होता, त्यामुळे मर्व्ह अजूनही त्याच्या पायऱ्या चढताना शर्ट आत खोचायचा. लेसने दार उघडलं, आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि मग मर्व्हला दंडाला धरून आत ओढलं.

“बरं झालं आलास. मीच येणार होतो. पण घरी ती असणार, म्हणून थांबलो.”

“लेस, तो डबा...”

“बस आधी. पाणी पी.” लेसने आवाज खाली आणला. “मर्व्ह, तुझी बायको मला वजडी म्हणून कोळी देऊन गेली.”

मर्व्ह पाणी प्यायला.

“मी डबा उघडला, म्हटलं शिजवून आणली असेल. तर आत हे एवढे आठ पाय! आधी निपचित होता. ओट्यावर ठेवला, जरा ऊब लागली, तर उठून उभाच राहिला. मी तिला काही बोललो नाही हां. शुक्रवारी फोन आला तिचा, वजडी कशी होती म्हणून. झकास, म्हटलं. दोनदा घेतली.”

“कोळी कुठाय?” मर्व्हचा जीव टांगणीला लागला होता.

“आधी ऐक. माझ्या डॉटचं असंच सुरू झालं होतं. आधी साखरेच्या डब्यात चहा. मग चष्मा पावाच्या पेटीत. मी हसण्यावारी नेलं रे. तू तसं करू नकोस.” लेसचे डोळे पाणावले. “वेळीच लक्ष दे तिच्याकडे. मी व्हॅलच्या कानावर घातलंय.”

“कुठल्या व्हॅलच्या?”

“महिला मंडळाच्या. सेक्रेटरी नाही का ती? म्हटलं, बायकांनी जरा नजर ठेवलेली बरी.”

मर्व्हच्या तोंडचं पाणी पळालं. व्हॅल प्रूडोच्या कानावर एखादी गोष्ट घालणं म्हणजे ती चर्चच्या घंटेला बांधून ओढण्यासारखंच. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात लेसने टेबलावरचा टॉवेल उचलला.

खाली डॉटचं काचेचं केकचं झाकण होतं. आत शेवाळ, साल, आणि सालीवर आठही पाय पसरून, तब्येतीने सुधारलेला, मर्व्हचा कोळी.

“रात्री दोन पतंग खाल्ले पठ्ठीने,” लेस कौतुकाने म्हणाला. “दिवा बंद केला की बाहेर येते. मी बोलतो तिच्याशी, ऐकून घेते. पाच वर्षांत या टेबलाशी माझ्यासमोर कोणी बसलं नव्हतं रे. नाव नोरीन ठेवलंय. तिने दिली ना, म्हणून.”

“लेस, तो नर आहे.”

“असू दे.”

मर्व्हने सगळं सांगून टाकायचं ठरवलं आणि अर्धंच सांगितलं. कोळी दुर्मीळ आहे, हेलन आज तीनला बघायला येतेय, एवढं. डब्यावर वजडी कोणी लिहिलं हे मात्र राहून गेलं. लेसने कोळ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग झाकणावर टॉवेल नीट टाकला, बशीसकट सगळं मर्व्हच्या हातात दिलं. “परत आणशील ना?” त्याने विचारलं.

म्युझियमच्या बाटलीत गेलेलं काही परत येत नसतं, हे त्याला ठाऊक होतं. “झाकण आणतो,” तो म्हणाला.

टेकाड उतरताना त्याने पाय जपून टाकले. बाराच वाजले होते. तीनपर्यंत तोंड बंद ठेवलं की झालं. हेलन येईल, भिंगातून बघेल, नाव ठरेल. मग नोरीनला सावकाशीने सांगता येईल, जमल्यास पुढच्या वर्षी. मागच्या ओसरीवर त्याने झाकण सावलीत ठेवलं आणि आत गेला.

आत व्हॅल प्रूडो बसली होती. टेबलावर तिने भट्टीत शिजवून आणलेली मटणाची कॅसरोल होती, आणि ती नोरीनशी इतक्या मोठ्याने आणि इतकं सावकाश बोलत होती, की नोरीन पलीकडच्या डोंगरावर बसली आहे असं वाटावं.

“ही... कॅसरोल... आहे,” व्हॅल म्हणाली. “गरम... करून... खायची.”

“मला दिसतंय ते, व्हॅल. आणि मी बहिरी नाही.”

“नाही नाही, कोण म्हणतं तसं!” व्हॅलने तिचा हात थोपटला. “आणि स्कोन्सचं मनावर घेऊ नकोस. यंदा परीक्षक म्हणून मी उभी राहते. मंडळाचं कालच ठरलंय. तू विश्रांती घे. एकोणीस वर्षं म्हणजे काही कमी नाही.”

“अठरा,” नोरीन म्हणाली. “हे एकोणिसावं होतं.”

“बघ, गोंधळ होतोच,” व्हॅल मायेने म्हणाली. जाताना तिने मर्व्हकडे बघून मान अशी हलवली, की त्याला स्वतःच्याच घरी सांत्वनाला आल्यासारखं वाटलं.

व्हॅलची गाडी गेली. नोरीन हातातलं पीठ पुसत खुर्चीवर बसली. रोज मोठ्याने बोलणारी बाई, आता तिचा आवाज मर्व्हला कान देऊन ऐकावा लागला.

“मर्व्ह, मी विसरायला लागलेय का?”

“काहीतरीच काय!”

“खरं सांग. सकाळपासून तेच आठवतेय. आपल्या लग्नानंतर तुझ्या आईकडे वजडी होती. तू ती रुमालात गुंडाळून कुत्र्याला घातलीस. मला लख्ख आठवतंय. कुत्र्याचं नावसुद्धा आठवतंय, बस्टर.” ती त्याच्याकडे बघत होती. “आणि आज तू म्हणतोस, पहिल्यापासून आवडते. तू सांगितलं होतंस म्हणतोस. मग हे बस्टरचं मी कुठून आणलं?”

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. तीनला अजून अडीच तास होते. मर्व्हने त्या घड्याळाकडे पाहिलं, मग नोरीनच्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. असली लाज मिलमध्ये चुकीचा ओंडका कापला तेव्हाही वाटली नव्हती.

“बस्टरच होता,” तो म्हणाला. “मला वजडी आवडत नाही. वासानेच ढवळतं. तू काही विसरली नाहीस. डब्यात वजडी नव्हतीच. कोळी होता. मी ठेवला होता. पट्टीवर मीच लिहिलं होतं. लेसला वाटलं, तूच चुकून दिलास. त्याने व्हॅलला सांगितलं.”

नोरीनने हातावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडलं. मर्व्ह उशी कुठल्या कपाटात असते ते आठवू लागला.

“म्हणजे माझ्या केकच्या शेजारी कोळी होता,” ती शेवटी म्हणाली.

“केक नंतर आले. त्यांची भेट झाली नाही.”

“आणि माझं डोकं ठिकाणावर आहे.”

“एकदम.”

“तुझं नाही.”

“नाही,” मर्व्हने मान्य केलं.

नोरीन उठली, हात धुतले, फोन उचलला. पहिला फोन व्हॅलला. तो दीड मिनिटात संपला, आणि त्यात व्हॅलला बोलायला फारशी संधी मिळाली नाही. दुसरा लेसला. तो बराच वेळ चालला, आणि त्यात ती एकदा हसली. मग ती ओसरीवर गेली आणि टॉवेल उचलला. मर्व्ह दारातून मान काढून बघत होता.

“हाच का तो?”

“हाच. लांडगा कोळ्यासारखा दिसतो, पण तो नव्हे.”

“दिसतो एक आणि असतो भलताच,” नोरीन म्हणाली. “शोभतो तुला.”

हेलन तीनच्या ठोक्याला आली. पाठोपाठ लेसही आला, धुऊन लख्ख केलेला आइस्क्रीमचा डबा घेऊन. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात त्याने अंडी-साखर घालून केलेलं लिंबाचं घरचं लोणी भरलं होतं. नोरीनने स्कोन्स मांडले. हेलनने स्कोन्सकडे पाहिलंही नाही. ती डोळ्याला भिंग लावून झाकणापाशी बसली, आणि टेबलाभोवती चौघांपैकी कोणाच्याही कपबशीचा आवाज होईना.

“मर्व्ह,” ती म्हणाली. “नवा आहे. त्याच मादीचा नर. शंकाच नाही.”

मर्व्हने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“पण याला आत्ताच बाटलीत घालणार?” लेसने विचारलं.

हेलनने त्याच्याकडे पाहिलं, मग केकच्या झाकणाकडे, पतंगांच्या पंखांच्या छोट्या ढिगाकडे. “शरदातले नर असेही जास्त दिवस काढत नाहीत,” ती म्हणाली. “फोटो मी आज घेते. मग ठेवा तुमच्याकडेच. गेला की या बाटलीत घाला आणि मला फोन करा. सहा वर्षं थांबले, अजून महिना काही जास्त नाही.” मग तिने वही काढली. “आता नाव. मी शब्द दिलाय. टकवेल, स्पेलिंग कसं करता तुम्ही? एक ‘एल’ की दोन?”

“दोन,” मर्व्ह म्हणाला. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तो अकरा वर्षं थांबला होता. त्याने एकदा नोरीनकडे पाहिलं. ती लेसच्या स्कोनवर लोणी लावत होती, आणि तिचं लक्ष नाही असं दाखवत होती. गावातल्या निम्म्या बायका आज संध्याकाळी तिच्याविषयी काय बोलणार होत्या, ते फोन करूनही थांबणारं नव्हतं. निदान कशाने तरी त्यांची तोंडं बंद व्हायला हवी होती.

“पण ते लिहू नकोस,” मर्व्ह म्हणाला. “नोरीन लिही.”

“नक्की?” हेलनने विचारलं. “एकदा छापलं की बदलत नाही. जग बुडेपर्यंत तेच.”

“त्यात विचारायचं काय?” लेस तोंडात स्कोन असतानाच म्हणाला. “नाव मी गुरुवारीच ठेवलंय.”

नोरीनची सुरी थांबली. “शेहेचाळीस वर्षांत तू मला एक फूल आणलं नाहीस, मर्व्ह टकवेल,” ती म्हणाली. “आणि आणलं ते हे?” पण ती रागावलेली नव्हती. तिने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, आणि नाक ओढलं. मर्व्हला आतून कुठेतरी दुखलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

त्या वर्षी स्कोन्सची परीक्षा नोरीननेच घेतली. व्हॅलला तिसरं बक्षीस मिळालं. कोळी लेसच्या टेबलावर पाच आठवडे जगला, आणि गेला तेव्हा लेसने मर्व्हला बोलावून, दोघांनी टोप्या काढून, त्याला बाटलीत घातलं. खाटकाकडून आणलेली वजडी त्या शनिवारी रात्री नोरीनने मर्व्हला खाऊ घातलीच, वाया घालवायची नाही म्हणून. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी टकवेलांकडे वजडी असते. लेसही येतो. तो दोनदा घेतो.

सव्वा वर्षाने म्युझियमचा अंक आला. ‘किल्याना नोरीनाय’, म्हणजे नोरीनचा किल्याना, असं वर ठळक छापलं होतं. कोळ्याचं नुसतं चित्र दिसलं तरी पाय वर घेणारी नोरीन तो अंक पिशवीत घालून महिला मंडळात गेली, आणि व्हॅलकडून ते नाव शुद्ध उच्चारात तीन वेळा म्हणवून घेऊन आली. नेमका तो पहिला शनिवार होता. लेस टेबलाशी बसलाच होता. नोरीनने चष्मा काढून मर्व्हच्या हातात अंक दिला.

“पान दुसरं. ‘सवयी’ लिहिलंय तिथून. मोठ्याने.”

मर्व्ह वाचू लागला. “‘मादी आकाराने मोठी व धीट. ओंडका उचलला तरी जागा सोडत नाही. नर मादीहून लहान, लपून राहणारा. उजेड पडताच जवळ दिसेल त्या आडोशाला पळतो.’”

“छान लिहिते ती मुलगी,” नोरीन म्हणाली. “परत वाच. ते नराचं.”

मर्व्हने परत वाचलं. नोरीनने झाकण काढलं, वाफ वर आली, आणि पांढऱ्या रश्श्यातली वजडीची भरगच्च बशी तिने त्याच्यापुढे ठेवली.

“घे,” ती म्हणाली. “तुला पहिल्यापासून आवडते. बघ, मी काही विसरत नाही.”